उंबरा कोण धरणार?

बाबा माझ्या कॉलेजच्या वेळात कधीच फोन करत नाहीत. हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या ज्या कापडाच्या दुकानात ते लग्नाच्या आधीपासून कामाला आहेत, तिथे दुपारी गिऱ्हाईक असतं, आणि मुलगी शिकत असताना तिला मधेच हाक मारणं त्यांना देवळात जोरात बोलण्यासारखं वाटतं. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली दगडाचा पातळ काप बघत होते. फोन थरथरला, नाव बघितलं आणि मी तशीच बाहेर जिन्यात आले. बाबा म्हणाले, "रेणू, आधी कुठेतरी बस." मी म्हटलं, "आईला काय झालं?" ते म्हणाले, "आई बरी आहे. तू बस आधी." मी पायरीवर बसले, तेव्हा त्यांनी सांगितलं. कुमुदबाई दुपारी जेवून आडव्या झाल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. शेजारच्या बाईंनी चहाला हाक मारली तेव्हा कळलं... बाबांच्या मागे दुकानात कुणीतरी ब्लाऊजपीसचा रंग विचारत होतं आणि बाबा त्यांना उत्तर देत नव्हते. रडू मला नंतर आलं. जिन्यात बसल्या बसल्या आली ती फक्त भीती. येत्या रविवारी आम्ही जाणार होतो. आता रविवारचं काय, आणि त्याच्या पुढच्या महिन्याचं काय?

हे रविवारचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी विद्यापीठात भूशास्त्रात एम.एस्सी. करते. वर्ष संपायच्या आधी आमचं एक शिबिर असतं. यंदा ते चुनखडीच्या डोंगराळ जंगलात आहे, आणि तिथल्या गुहांमध्ये शिरून मोजमापं घ्यायची असतात. ते केल्याशिवाय वर्ष पुरं होत नाही. आणि मला बंद, अरुंद जागेत शिरलं की श्वास घेता येत नाही. छातीवर कुणीतरी गुडघा रोवून बसल्यासारखं होतं, हात गार पडतात, आणि मागे वळायला जागा नसेल तर मला माझं नावसुद्धा आठवत नाही. गुहांचा अभ्यास करायला निघालेल्या मुलीनं ही गोष्ट कुणाला सांगायची? मी एकाच माणसाला सांगितली होती, कुमुदबाईंना. त्या रविवारी त्याच मला एका लहान गुहेत घेऊन जाणार होत्या. त्या गेल्या.

बाईंना जाऊन आता काही आठवडे झाले. त्यांच्या भाच्यानं मला वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यांच्याबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणणार होते. मी त्यांची शाळेतली विद्यार्थिनी नाही. त्या शहरातल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवायच्या, आणि मी शिकले ती तेलुगू आणि इंग्रजीत. आमच्या घरात मराठी आहे ती बिदरकडच्या गावाची, बोलण्यापुरती. मराठी वाचायला मला बाईंनीच शिकवलं. विद्यानगरच्या त्यांच्या घरात त्या समोर बसून शेंगा सोलायच्या आणि मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे. मी जोडाक्षर आलं की घाईनं पुढे जायचे. बाई शेंगेतून मान वर न करता म्हणायच्या, "ते परत वाच. तू त्याच्यावरून पळालीस." म्हणून हे लिहायचं धाडस करते आहे. कुठे पळाले असेन तर वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

त्यांची आमची ओळख बाबांच्या दुकानातली. बाईंचं घराणं जुन्या हैदराबादचं, आजोबांपासून सगळे वकील नाहीतर सरकारी नोकरीत. आमच्याकडे कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही. बाई दर दिवाळीला कापड घ्यायला यायच्या आणि बाबांशीच व्यवहार करायच्या, कारण बाबा रंग जाईल की नाही ते खरं सांगतात. बारावीला मला बरे मार्क पडले तेव्हा बाबांनी पेढे दुकानात नेले होते. बाईंनी विचारलं, "पुढे काय करणार ती?" बाबा म्हणाले, "कॉमर्स घेऊन टाकू म्हणतो. बँकेत लागली तर बरं." "तिला काय आवडतं?" बाबांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. ते घरी येऊन आईला म्हणाले, "रेणूला काय आवडतं गं?" आणि आई म्हणाली, "पत्थरं. लहानपणापासून फ्रॉकच्या खिशात पत्थरंच असायची. धुताना हाताला लागायची."

त्यानंतरच्या आठवड्यात बाई आमच्या घरी आल्या. आमच्याकडे खुर्ची एकच, तिच्यावर त्या बसल्या आणि बाबा उभे राहिले. बाबा म्हणाले, "बाई, पत्थरं बघून काय मिळणार? अन् पोरीला जंगलात पाठवायचं म्हणता, परेशानी किती!" बाई म्हणाल्या, "मी जाते ना जंगलात. मला काय झालं?" बाबांनी आईकडे बघितलं. मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तिला एकटी पाठवू नका. जिथं जाईल तिथं मी असेन." बाबा ज्या शब्दावर हो म्हणाले तो हाच. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण बाई गेल्याचं कळल्यावर तिसऱ्याच दिवशी आईनं विचारलं, "आता शिबिराला तुझ्याबरोबर कोण?"

निवृत्त झाल्यावर बाईंनी दगड आणि गुहा बघायला जायचं सुरू केलं होतं. त्यांच्याबरोबर असायचे तारनाक्याचे राव अंकल. रेल्वेत इंजिनिअर होते, उभा जन्म बोगदे तपासण्यात गेला. मराठी समजतं, बोलतात मात्र हैदराबादी हिंदीत, आणि प्रत्येक वेळी डब्यात पुळिहोरा म्हणजे चिंचेचा भात घेऊन येतात. मला आधी वाटलं होतं की हे बरेच जणांचं मंडळ असेल. ते दोघंच होते, मी तिसरी. राव अंकल पहिल्या दिवशी मला म्हणाले, "आओ अम्मा, हमारी यूनियन में मेंबर कम है, लीडर ज़्यादा है." विद्यापीठाच्या आवारातल्या मोठ्या गोल दगडांपासून आमची सुरुवात झाली. बाई दगडाचं नाव लगेच सांगायच्या नाहीत. म्हणायच्या, "आधी हात ठेव." मी हात ठेवायचे. "गार आहे की ऊन?" "एका बाजूनं ऊन." "खरखरीत?" "हो." "कण दिसतात?" "दिसतात. गुलाबी." "मग आता नाव विचार." राव अंकल मागून म्हणायचे, "मैडम, शादी जमा रहे क्या पत्थर की?"

त्यांचा गुहेत शिरायचा एक रिवाज होता. गुहा कितीही लहान असो, सगळ्यांनी आत जायचं नाही. एकानं तोंडाशी बसायचं. बाई त्याला उंबरा धरणं म्हणायच्या. पिशव्या खाली ठेवल्या की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "उंबरा कोण धरणार?" उंबरा धरणाऱ्यानं थोड्या थोड्या वेळानं आत हाक मारायची आणि आतल्यांनी ओ द्यायची. हाक चुकवायची नाही, जागा सोडायची नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काहीही ऐकू आलं, किंवा काहीच ऐकू आलं नाही, तरी आत शिरायचं नाही. ठरलेली वेळ उलटली तर खाली जाऊन माणसं आणायची. बाई म्हणायच्या, "आत अडकलेल्याला बाहेर काढता येतं. बाहेर कुणी उरलंच नाही तर कोण काढणार?" त्यांचा दुसरा नियम स्वतःपुरता होता. बाहेर येताना त्या नेहमी सगळ्यात शेवटी. शाळेत सहल न्यायची सवय, मागे कुणी राहिलं नाही ना ते बघायची.

मी पहिल्यांदा आत शिरले ते शहराबाहेरच्या एका टेकडीवर, दोन मोठ्या दगडांमधल्या फटीत. फार तर आमच्या स्वयंपाकघराएवढी लांब असेल. अर्ध्यात गेले आणि छातीवर तो गुडघा आला. कशी बाहेर आले मला आठवत नाही, कोपरं सोलली होती एवढं आठवतं. बाईंनी पाणी दिलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा त्या विचारायच्या, उंबरा कोण धरणार, तेव्हा मी पटकन म्हणायचे, "मी धरते." राव अंकलना वाटायचं मुलगी मोठी समजूतदार आहे. त्यांनी मला रेल्वेतला हुद्दाच देऊन टाकला. "क्या गेटकीपर अम्मा, सिग्नल दिए क्या? गाड़ी अंदर लूँ?" मी हसून हिरवा झेंडा असल्यासारखा हात दाखवायचे. बाई माझ्याकडे एकदा बघायच्या आणि आत वळायच्या. एकदा परत येताना बसमध्ये मी स्वतःच सांगून टाकलं. मला वाटलं त्या म्हणतील, सवयीनं जाईल. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. आता मी विसरणार नाही." बस...

यंदाच्या थंडीत आम्ही नल्लमलाच्या जंगलात गेलो. वनखात्याची परवानगी काढली होती, गाडी खाली नाक्यावर ठेवली, आणि अंधार पडायच्या आत नाक्याबाहेर पडायची अट होती. डोंगराच्या कुशीत चुनखडीची एक गुहा आहे. तोंड रुंद, पण थोडं आत गेलं की छत एकदम खाली येतं आणि पोटावर सरकत जावं लागतं. त्याच्या पुढे एक दालन आहे आणि तिथून दोन वाटा फुटतात, असं बाईंनी मला मातीवर काडीनं काढून दाखवलं. समोरच्या उतारावर पांढऱ्या खोडाचं एक कांडोळाचं झाड होतं. बाईंनी बोट दाखवलं. "ऊन खाली उतरत नाही, वर चढत जातं संध्याकाळी. ते त्या झाडाच्या शेंड्याला लागेपर्यंत आम्ही नाही आलो तर तू नाक्यावर जायचंस. पळत नाही, चालत. पडलीस तर तिघंही गेलो." मग दोघं वाकून आत गेले. राव अंकलचे बूट शेवटी दिसेनासे झाले.

पहिल्या काही हाकांना ओ आली. आधी बाईंची स्पष्ट, मग अंकलची लांबवलेली. मग एकट्या बाईंची. मग नाही. मी परत हाक मारली, नाही. मला वाटलं दूर गेले असतील. जंगलात वारा सुटला होता आणि पाचोळा माझ्या पायापासून उडून गुहेत जात होता. मी जवळ जाऊन, गुडघे टेकून, तोंडाशी हात धरून हाक मारली. "बाऽई!" माझाच आवाज आत गेला आणि तिथेच राहिला. मी परत जागेवर येऊन बसले. झाडाच्या खोडावर ऊन मध्यापर्यंत आलं होतं. मी ठरवलं की झाडाकडे बघायचं नाही, आणि झाडाकडेच बघत राहिले. आत काय झालं असेल ते सगळं मला दिसत होतं. दगड सरकला असेल. अंकलचं वय झालंय, त्यांचा पाय... बाईंची बॅटरी गेली असेल. त्या मला ओ देत असतील आणि मला ऐकू येत नसेल. किंवा ओ द्यायला कुणी नसेल. त्या सरपटायच्या जागेपर्यंत तरी जाऊन बघावं असं वाटलं आणि मी तोंडात दोन पावलं गेलेसुद्धा. मग थांबले. नियम होता म्हणून थांबले असं मला म्हणता येईल. पण माझे हात गार पडले होते, आणि पुढे छत खाली येतं हे मला माहीत होतं. मी परत बाहेर आले, परत हाक मारली. ऊन फांद्यांवर गेलं. खाली सावली पसरली, पक्षी एकदम ओरडायला लागले. मला नाक्यावरही जावंसं वाटेना, कारण मी गेले आणि त्या बाहेर आल्या तर उंबऱ्यावर कुणी नसेल. ऊन शेंड्याला लागलं. मी उठले, पिशव्या एका दगडाआड ठेवल्या, बाईंची शाल वर दिसेल अशी पसरली, आणि वाटेला लागणार तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला.

दोघं बाहेर येत होते. आधी बाई, मग अंकल. डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्या मातीत आणि पोट धरून हसत. झालं होतं ते असं. परतताना दोघांनी दोन वाटा घेतल्या आणि सरपटायच्या जागेच्या अलीकडे दालनात भेटायचं ठरवलं. बाई आपल्या बाजूनं आल्या आणि एका खांबासारख्या दगडाला टेकून बसल्या, कारण अंकल पुढे गेल्याशिवाय त्या निघणार नव्हत्या. अंकल दुसऱ्या बाजूनं आले आणि त्याच दगडाच्या पलीकडे बसले, कारण बाईंच्या आधी बाहेर पडणं त्यांच्या तहजीबमध्ये बसत नव्हतं. नेहमी बाई त्यांना रागावून पुढे काढायच्या, आज अंकलनी ठरवलं होतं की ऐकायचं नाही. बसायचंच आहे तर बॅटरी कशाला जाळा, म्हणून दोघांनी आपापली बॅटरी बंद केली. माझी हाक आत स्पष्ट येत होती. दोघंही एकाच वेळी ओ देत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा आवाज आपलाच प्रतिध्वनी आहे. वारा आत जात होता, म्हणून ओ बाहेर येत नव्हती. शेवटी अंकलना कंटाळा येऊन ते शिट्टी वाजवायला लागले, तेव्हा बाई अंधारात म्हणाल्या, "राव, तुम्ही?" आणि पलीकडून उत्तर आलं, "मैं इधरिच बैठा हूँ मैडम, कबसे. पहले आप." त्या दिवशी पहिल्यांदाच बाई आधी निघाल्या.

अंकल हे मला सांगत होते आणि त्यांना पुन्हा हसू येत होतं. "गेटकीपर अम्मा, आज दोनों गाड़ियाँ आउटर पे खड़ी थी!" मी ओरडले. मी बाईंवर कधी आवाज चढवला नव्हता. "तुम्हाला हसू येतंय? मी इथं मरत होते! पहले आप, पहले आप... मी काय सांगणार होते तुमच्या घरी?" आणि मग मला रडू आलं. अंकलनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दुसरीकडे बघत माझ्या पुढे धरली. बाई माझ्या जागेवर, त्याच दगडावर, बसल्या. समोरच्या झाडाकडे बघितलं. शेंड्यावरचं ऊनसुद्धा गेलं होतं. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. उंबरा धरणाऱ्याला वाट बघायला लावायची नसते." आम्ही गाडीत बसलो. शहराचे दिवे दिसायला लागले तेव्हा अंकल पुढच्या सीटवरून हळूच म्हणाले, "सॉरी अम्मा. पुळिहोरा बचा है, खाते क्या?"

ती संध्याकाळ माझ्या मनातून जाईना. त्यांच्या हसण्याचा राग दोन दिवसांत गेला. राहिला तो प्रश्न. शिबिराची तारीख लागली तसा तो वाढत गेला. वर्गातली मुलं कुणी हेल्मेट घ्यायचं, कुणी दोर घ्यायचा याच्या गप्पा मारायची आणि मी मान हलवायचे. शेवटी मी बाईंकडे गेले. ती आमची शेवटची भेट ठरली. त्यांच्या खोलीत खिडकीच्या कडेला दगड मांडलेले आहेत, त्यांच्यावरची धूळ त्या जुन्या दाढीच्या ब्रशनं झटकत होत्या. मी विचारलं, "बाई, त्या दिवशी मी आत आले नाही. ते नियमामुळे, की भीतीमुळे?"

बाईंनी ब्रश खाली ठेवला. मला वाटलं, आता त्या काहीतरी असं सांगतील की माझं ओझं उतरेल. त्या म्हणाल्या, "मला कसं कळणार? मी आत होते." मग पुढे, "तुझी हाक मात्र एकदाही चुकली नाही. आवाज रडवेला झाला होता, पण चुकला नाही. अंधारात बसून मी त्यावर वेळ मोजत होते." मी म्हटलं, "मला विषय सोडावासा वाटतो." त्यावर त्यांनी मला जे सांगितलं, ते मी त्यांच्या भाच्याला विचारून इथे लिहिते आहे. बाई पंचवीस-तीस वर्षं सातवीला चुनखडीच्या गुहा शिकवायच्या. फळ्यावर छतातून लोंबणारे आणि खालून वर येणारे दगड रंगीत खडूनं काढायच्या. एकदा एका मुलीनं विचारलं, बाई, तुम्ही बघितलीय का गुहा? बाई पटकन म्हणाल्या, हो. बघितली नव्हती. शहराबाहेर भावाच्या गावापलीकडे त्या गेल्याच नव्हत्या. "ते 'हो' मला निवृत्त होईपर्यंत टोचत राहिलं," त्या म्हणाल्या. "म्हणून पहिली गुहा बघायला गेले. आणि तोंडातूनच परत आले. ओकले बाहेर येऊन. राव होते, त्यांना विचार. दुसऱ्यांदा थोडी पुढे गेले. तिसऱ्यांदा पुन्हा तोंडातूनच परत." मी विचारलं, "मग भीती कधी गेली?" बाईंनी ब्रश पुन्हा उचलला. "तुला कुणी सांगितलं गेली म्हणून?"

मग त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, शिबिराच्या आधी शिबिर नेणाऱ्या सरांना सगळं सांगायचं. मी म्हटलं, "सर म्हणतील, मग आलीस कशाला या विषयात? मुलींना आधीच..." बाई म्हणाल्या, "म्हणाले तर म्हणू देत. आत गेल्यावर कळण्यापेक्षा बाहेर कळलेलं बरं." दुसरी म्हणजे, रविवारी विकाराबादकडच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत जायचं. तिथे जांभ्या दगडात एक लहान गुहा आहे, त्या मला घेऊन आत जाणार आणि राव अंकल बाहेर बसणार. "जमेल तेवढं जाऊ. नाही जमलं तर डबा खाऊन परत." मी जिना उतरत असताना त्या वरून म्हणाल्या, "पूर्ण बाह्यांचा कुर्ता घाल. कोपरं सोलतात." हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

तो रविवार गेला. त्याच्या पुढचाही गेला. शिबिर जवळ येत होतं आणि मी सरांकडे गेले नव्हते. मग एका संध्याकाळी राव अंकल बाबांच्या दुकानात आले. त्यांना कापड घ्यायचं नव्हतं. ते बाबांना म्हणाले, "भाईसाब, मेरा घुटना अब अंदर जाने का नहीं रहा. बच्ची अंदर जाएगी तो बाहर एक नहीं, दो आदमी चाहिए. आप चलते क्या?" बाबांनी मालकाकडे सुट्टी मागितली. त्यांना मी सुट्टी मागताना कधी बघितलं नाही, लग्नसराईत तर नाहीच.

आम्ही सकाळच्या गाडीनं विकाराबादला उतरलो, तिथून रिक्षा, आणि मग जंगलातून पायवाट. बाबा दुकानातले काळे बूट घालून आले होते आणि प्रत्येक चढावर थांबून मागे बघत होते. गुहा खरंच लहान होती. लाल, भोकाभोकांच्या दगडात वाकून जाण्याएवढं दार, आत अंधार. बाबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "यात? रेणू, यात माणूस जातं?" "जातं बाबा." "अन् मी काय करायचं?"

मी त्यांना सांगायला लागले. इथे बसायचं, या दगडावर, उन्हात नाही, डोकं दुखेल. हाक मारायची, लगेच लगेच नाही, मला आत बोलायला श्वास राहिला पाहिजे. मी ओ दिली नाही तरी आत यायचं नाही. काहीही झालं तरी. वेळ झाली तर अंकल इथे थांबतील, तुम्ही खाली रस्त्यावर जायचं, चालत, पळत नाही... बोलता बोलता मी बाबांच्या पायाजवळची सुटी खडी बुटानं बाजूला सारत होते, त्यांचा पाय घसरू नये म्हणून. अंकल टक लावून बघत होते. मग ते चष्मा काढून पुसत बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाई आम्हाला सांगताना हेच करायच्या. बोलणं तोंडानं आणि पायानं आमच्यासाठी जागा साफ करणं. मी ते कधी शिकले नव्हते.

मी आत गेले. पाच-सहा हात गेले असेन. दगडाला हात लावला, गार होता. छत खांद्याला लागलं आणि गुडघा आला, छातीवर, नेहमीच्याच जागी. बाबांची हाक आली. दुकानात वरच्या माळ्यावरून कापड मागवताना मारतात तशी, भिंती हलवणारी. मी ओ दिली, ती मलाच ऐकू आली नाही. मी मागे फिरले आणि बाहेर येऊन गवतावर बसले. घाम सुटला होता. बाबा एकदम उभे राहिले, माझे दोन्ही हात धरून बघितले, कुर्त्याच्या बाहीवरची लाल माती झटकली. "झालं ना? बघितलं ना? चल, चल घरी. पुरे झालं. बँकेच्या परीक्षा असतात, आपण..." अंकलनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. बाबा थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मलाच विचारलं, "जायचंय का तुला परत?"

मला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. मी पाणी प्यायले. सोमवारी सरांना काय सांगायचं ते मनात ठरवलं, जसं आहे तसं. की मला आत भीती वाटते, की शिबिरात पहिल्या दिवशी मी बाहेर बसेन, की कुणीतरी बाहेर बसायलाच हवं, आणि का बसायला हवं ते मी मुलांना सांगेन, आणि दुसऱ्या दिवशी मी आत येईन, जमेल तेवढं. मग मी बाबांना म्हटलं, "बसा तुम्ही जागेवर." ते बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, नजर गुहेच्या तोंडावर. आता ते तिथून हलणार नव्हते. मी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली आणि वाकले.